एका खेपेची एक ओळ

संगणकाच्या कामातलं मला जे खरोखर नीट येतं, ते मी कुठल्या वर्गात शिकले नाही. नगर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या ऊस बिल विभागात, निवृत्तीला आलेल्या हेडक्लार्कच्या शेजारी बसून शिकले. त्यांना सगळा कारखाना अण्णा म्हणे. शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचं. डेटाबेस हा शब्द त्यांनी बहुधा माझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. पण एकमेकांशी नातं असलेल्या तक्त्यांमधून नवा तक्ता काढताना हिशेब कुठे बिघडतो, हे त्यांना माझ्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. त्यांचं हे देणं एकदा लिहून ठेवावं, असं फार दिवस मनात आहे.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. पुण्यातल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत मी नुकतीच लागले होते. गळीत हंगाम ऐन भरात असताना कंपनीने मला कारखान्यावर पाठवलं. प्रोग्रॅम आधीच कुणीतरी करून ठेवलेला होता. डेटा ओरॅकलमध्ये, अहवाल क्रिस्टल रिपोर्ट्समध्ये आणि छपाई १३२ कॉलमच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर. तक्रार एवढीच होती की, ऊस बिलाच्या यादीत ओळी दुबार येतात. त्या काढून द्यायच्या.

मी संगणकाच्या खोलीकडे निघाले, तर अण्णा म्हणाले, "ताई, आधी काटा बघून घ्या." आणि स्वतः बरोबर आले.

वजनकाट्यासमोर बैलगाड्यांची, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली होती. बीड-पाथर्डीकडून आलेल्या तोडणीच्या टोळ्या पहाटेपासून फडात होत्या. फडात चिटबॉय चिठ्ठी फाडतो. तिच्यावर शेतकऱ्याचा कोड, गावाचा कोड, गट नंबर, उसाची जात, गाडीचा नंबर. गाडी भरून येते, काट्यावर तिचं वजन होतं. गव्हाणीत ऊस टाकून परतताना रिकाम्या गाडीचं वजन होतं. दोन्हींतला फरक तो उसाचा. ही झाली एक खेप, आणि एका खेपेची एक पावती. अण्णांनी काट्यावरच्या कारकुनाकडून एक पावती मागून घेतली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "या एका कागदावर ऊसवाल्याचा पैसा आहे, तोडणाऱ्याची मजुरी आहे आणि वाहतूकवाल्याचं भाडं आहे. तुमच्या मशिनमधली एक ओळ म्हणजे हा कागद. तो हलला की तीन घरं हलतात."

मी तेव्हा मान डोलावली. त्या वाक्याचं वजन मात्र पुढच्या काही दिवसांत कळत गेलं.

बिलाला वेळेचं बंधन असतं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज लागतं. म्हणून कारखान्यात पंधरवड्याचं बिल निघतं. पंधरवडा संपला की सगळ्या खेपा गोळा करायच्या, दर लावायचा, सोसायटीच्या कर्जाची वसुली, खताची-बेण्याची उचल अशा कपाती वजा करायच्या आणि उरलेली रक्कम बँकेत पाठवायची. यादी चुकली की थेट माणसाच्या खात्यावर चुकते. पैसे जास्त गेले तर ते परत मागताना गावात भांडण होतं, कमी गेले तर कारखान्याच्या दारात.

अण्णांनी यादीचं शेवटचं पान आधी उघडलं. एकूण टनेज पाहिलं, काट्याच्या रजिस्टरची बेरीज शेजारी लिहिली. मेळ बसत नव्हता. मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि मोजके शेतकरी निवडले. ज्याची एकच खेप आणि एकच कपात, त्याचं बिल बरोबर. ज्याची एक खेप आणि दोन कपाती, त्याच्या कपाती बरोबर पण टनेज दुप्पट. ज्याच्या तीन खेपा आणि एक कपात, त्याचं टनेज बरोबर पण कपात तिप्पट. आणि ज्याच्या नावावर एकही कपात नाही, तो माणूस यादीत नाहीच! संध्याकाळपर्यंत त्यांच्या कागदावर नियम तयार होता: जितक्या खेपा गुणिले जितक्या कपाती, तितक्या ओळी.

तक्ते एकमेकांना जोडणारा जॉइन म्हणजे काय, हे मला पाठ होतं. पण जॉइन बिघडला की कसा ओळखायचा, हे मी त्या पेन्सिलीच्या टोकाकडे पाहत शिकले.

सोपे आकडे घेऊन सांगते. एका शेतकऱ्याच्या तीन खेपा: ९.८५०, १०.२४० आणि ८.९१० टन. बेरीज २९ टन. दर टनाला ६०० रुपये धरला तर बिल १७,४०० रुपये. कपाती दोन: सोसायटीचे ६,००० आणि खताचे २,४००, म्हणजे ८,४००. हातात पडायचे ९,००० रुपये. आता सभासदांचा तक्ता मध्ये ठेवून त्याला एकीकडून खेपांचा आणि दुसरीकडून कपातींचा तक्ता एकाच वेळी जोडला, तर काय होतं? खेप आणि कपात यांचं एकमेकींशी काहीच नातं नाही. दोघींचं नातं आहे ते शेतकऱ्याशी. मशिनला हे कळत नाही. ते प्रत्येक खेपेपुढे प्रत्येक कपात मांडतं. तीन गुणिले दोन, सहा ओळी. टनेज होतं ५८, बिल होतं ३४,८०० आणि कपात होते २५,२००. वजाबाकी केली की निव्वळ रक्कम येते ९,६००.

या आकड्यापाशी अण्णा बराच वेळ थांबले होते. टनेज दुप्पट आणि कपात तिप्पट, एवढा गोंधळ; तरी खाली येणारी रक्कम खऱ्या रकमेच्या इतकी जवळ की नुसत्या शेवटच्या रकान्यावरून कुणाला शंकाही येऊ नये. "मोठी चूक लवकर सापडते," ते म्हणाले, "दोन मोठ्या चुका एकमेकींना झाकतात, तेव्हा खरी भीती." त्यानंतर आजपर्यंत मी कुठल्याही अहवालाची निव्वळ रक्कम आधी तपासलेली नाही. आधी जमेच्या बाजूचं एकूण, मग नावेच्या बाजूचं एकूण, दोन्ही आपापल्या मूळ तक्त्याशी ताडून. वजाबाकी सगळ्यात शेवटी.

पुण्याला फोन केला, तेव्हा तिथून दोन सल्ले आले. पहिला असा की, रिपोर्टमध्ये दुबार किंमत आली तर ती छापू नये, अशी सोय आहे. ती चालू करावी. क्रिस्टल रिपोर्ट्समध्ये ती सोय खरोखरच आहे. पण तिने फक्त छपाई थांबते. ओळ आत असतेच आणि बेरजेत धरली जाते. कागद स्वच्छ दिसतो, टोटल तशीच चुकीची राहते. भिंतीतली ओल न शोधता वरून चुना मारावा, तसं ते. अण्णांनी छापलेल्या पानाची बेरीज हातानं केली, खालच्या टोटलशी जुळत नाही हे मला दाखवलं आणि तो सल्ला तिथेच मिटला.

दुसरा सल्ला जास्त मोहात पाडणारा होता. क्वेरीत 'डिस्टिंक्ट' हा शब्द घालायचा. सारख्या ओळींपैकी एकच उरते. नमुन्यादाखल एका गावाची खेपांची यादी तशी काढली. दिसायला सुरेख आली. अण्णांनी पुन्हा काट्याचं रजिस्टर उघडलं, बोट फिरवत खाली आले आणि एका बैलगाडीवाल्याच्या नावावर थांबले. त्या दिवशी एकाच शेतकऱ्याच्या फडातून त्याने दोन खेपा आणल्या होत्या. दोन्हींचं वजन १.८५० टन. काटा दहा-दहा किलोच्या टप्प्यांनी वजन दाखवायचा आणि बैलगाडी साधारण तेवढीच भरायची. त्यामुळे दोन खेपांचं वजन तंतोतंत सारखं येणं यात नवल नव्हतं. रिपोर्टमध्ये तारीख, कोड आणि वजन एवढेच रकाने होते, पावती नंबर नव्हता. मशिनच्या लेखी त्या दोन ओळी एकच होत्या, आणि त्याने एक खेप गिळली होती.

अण्णांचा आवाज एरवी कधी चढत नसे, त्या दिवशी चढला. "हे दोनदा लिहिलेलं नाही, ताई. हे दोनदा घडलेलं आहे. बैल दोनदा चालले, माणूस दोनदा मोळ्या चढवून आला. सारखं दिसतं म्हणून खोडायचं नसतं. आधी पावती बघायची."

दुबार नोंद आणि दुसऱ्यांदा घडलेली गोष्ट यांतला हा फरक माझ्या पूर्ण धंद्याचा पाया ठरला. दवाखान्याच्या यादीत एकाच रुग्णाची एकाच दिवशीची एकाच रकमेची दोन बिलं दिसतात. ती एकाच तपासणीची दुबार नोंद असेल किंवा ती तपासणी दोनदा झाली असेल. बँकेच्या उताऱ्यात एकाच दुकानाला एकाच दिवशी सारखीच रक्कम दोनदा गेलेली असते. माणूस सकाळी आणि संध्याकाळी दूध घ्यायला गेला असेल. नुसत्या ओळीकडे पाहून हे ठरत नाही. प्रत्येक घटनेला तिची स्वतःची खूण लागते, पावती नंबर लागतो, आणि अहवालात तो रकाना छापायचा नसला तरी हिशेबात तो धरावाच लागतो.

मग खरा इलाज केला. खेपांच्या तक्त्याची आधी स्वतंत्र बेरीज: एका शेतकऱ्याची एका पंधरवड्याची एकच ओळ. कपातींच्या तक्त्याची तशीच स्वतंत्र बेरीज, पुन्हा एका शेतकऱ्याची एकच ओळ. असे दोन सारांश हातात आल्यावर मगच ते सभासदाला जोडायचे. एकास एक जोडणी झाली की गुणाकाराला जागाच उरत नाही. ज्याची कपात नाही, तो गळू नये म्हणून जोडणी अशी ठेवायची की खेपांची बाजू पूर्ण राहील आणि कपातीच्या जागी शून्य येईल. खेपांचा तपशील बिलावर हवा असेल, तर कपाती वेगळ्या सबरिपोर्टमध्ये छापायच्या. हे सगळं मी अण्णांना समजावून सांगू लागले, तेव्हा त्यांनी कपाटातून जुनी खतावणी काढली. तिच्यात डाव्या पानावर खेपा आणि त्यांची बेरीज, उजव्या पानावर कपाती आणि त्यांची बेरीज, आणि दोन्ही बेरजा फक्त तळाशी एकमेकींना भेटत होत्या. संगणक यायच्या कितीतरी आधी कारखान्यातल्या कारकुनांनी हा प्रश्न कागदाच्या रचनेतच सोडवून ठेवला होता.

तरीही काही ओळी दुबार येतच राहिल्या, आणि प्रत्येकीचं कारण निराळं निघालं. वडगावच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या दोन ओळी येत होत्या. आपल्याकडे वडगाव, पिंपळगाव, टाकळी ही नावं तालुक्या-तालुक्यात आहेत. गावांच्या तक्त्यात दोन वडगावं होती, आणि त्या तक्त्याची जोडणी गावाच्या कोडवर न करता नावावर केलेली होती. दुसरीकडे, ठरावीक जातीच्या उसाच्या ओळी तिप्पट होत होत्या. दरांच्या तक्त्यात त्या जातीचे तीन हंगामांचे दर होते, आणि जोडताना फक्त जात जुळवली होती, हंगाम जुळवलाच नव्हता. किल्ली अर्धीच लावली की एकाऐवजी तीन दारं उघडतात. तिसरीकडे, काही सभासदांची दोन बँक खाती नोंदलेली होती, जुनं आणि नवं, आणि चालू खातं कोणतं याची खूणच तक्त्यात नव्हती. हे शेवटचं काम प्रोग्रॅमने होण्यासारखं नव्हतं. अण्णांनी गट ऑफिसांना निरोप धाडले, शेतकऱ्यांना विचारून आणलं आणि मग नोंद दुरुस्त झाली.

या तिन्ही वेळी अण्णांचा प्रश्न एकच असे: "ही ओळ कशाची आहे?" गावाच्या तक्त्यातली ओळ एका गावाची. दराच्या तक्त्यातली ओळ एका जातीची नव्हे, तर एका हंगामातल्या एका जातीची. हे तोंडानं स्पष्ट म्हणता आलं की जोडणी कशावर करायची, ते आपोआप समजतं. म्हणता आलं नाही, तर तक्ताच अजून समजलेला नाही.

त्या दिवसांत मी कारखान्याच्या गेस्ट हाऊसमध्ये राहत होते. तिथला स्वयंपाकी हंगामात जेवण कधी देई, कधी नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून अण्णांच्या घरून माझा डबा येऊ लागला. बाजरीची भाकरी, पिठलं, कधी मेथी, कधी शेंगदाण्याची चटणी. मी काकूंना भेटायला गेले तेव्हा त्यांनी माझ्या कामाबद्दल काही विचारलं नाही. घरचे काळजी करत असतील, पत्र टाकलंस का, एवढंच विचारलं. कधीतरी मधेच अण्णा मला 'ताई, तुम्ही' सोडून 'पोरी, तू' म्हणायला लागले. पंधरवड्याचं पहिलं बरोबर बिल निघालं, तेव्हा त्यांनी यादीवर सही करण्याआधी मला बसवून घेतलं आणि रजिस्टरशी ताडायला लावलं. एकेक नोंद जुळली की लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण करायची, आणि जिच्यावर एकदा खूण झाली तिच्यावर पुन्हा पेन्सिल टेकवायची नाही.

पुढे काही वर्षांनी मी एडगर कॉड यांचा मूळ निबंध वाचला. आज जगभर चालणारे बहुतेक डेटाबेस ज्या विचारावर उभे आहेत, तो या निबंधात पहिल्यांदा नीट मांडला गेला. कॉड जन्माने इंग्रज, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक, ऑक्सफर्डला गणित शिकलेले, आणि पुढे अमेरिकेत आयबीएममध्ये. निबंध छापून आला जून १९७० मध्ये. त्याबद्दलच्या कामासाठी १९८१ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्यांच्या मांडणीत तक्ता हा गणिती संच आहे, आणि संचात एकच गोष्ट दोनदा असू शकत नाही. दोन ओळी पूर्णपणे सारख्या असतील, तर दुसरी काही नवीन सांगतच नाही. प्रत्येक ओळीला तिची वेगळी ओळख हवीच.

त्या निबंधात एका फसगतीचं वर्णन आहे. पुरवठादार कोणते सुटे भाग देतात ते माहीत आहे. कोणते भाग कोणत्या प्रकल्पात लागतात तेही माहीत आहे. पण या दोन गोष्टी जोडून 'हा पुरवठादार या प्रकल्पाला माल देतो' असा निष्कर्ष काढला, तर तो खोटा ठरू शकतो, कारण तो भाग त्या प्रकल्पाला दुसऱ्याच कुणी दिला असेल. ते पान वाचताना मला खेपा आणि कपाती आठवल्या. मधला दुवा एकच आहे म्हणून दोन टोकांचं नातं जुळत नाही. आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेतला गणिती आणि नगरच्या कारखान्यातला कारकून यांनी एकच गोष्ट, आपापल्या कामाशी इमान राखून, पाहिली होती.

डेटाबेसला प्रश्न विचारायची एसक्यूएल ही भाषा डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडली, तीही आयबीएममध्येच. तिच्यात कॉड यांचा नियम सैल झाला. सारख्या ओळी शोधून काढणं मशिनला महाग पडतं, म्हणून त्या राहू द्यायच्या आणि कुणी 'डिस्टिंक्ट' म्हणून मुद्दाम मागितलं तरच काढायच्या, असं ठरलं. कॉड यांना हे कधीच पटलं नाही. १९९० च्या त्यांच्या पुस्तकातही दुबार ओळींना त्यांचा विरोध ठाम आहे. मला दोन्ही बाजू समजतात. पण मी कॉड यांच्या बाजूची आहे, आणि तिथे मला अण्णांनी आणून बसवलं. ओळ ओळखता येत नसेल, तर ती वाढलेलीही कळत नाही आणि गेलेलीही कळत नाही.

मी कारखान्यावर गेले, त्याच्या पुढच्या हंगामात अण्णा निवृत्त झाले. मी नंतर अनेक कामं केली: रुग्णालयं, पतसंस्था, दूध संघ, काही परदेशातली. सगळीकडे माणसं तीच तक्रार घेऊन येतात, ओळी दुबार येतात. सगळीकडे कुणीतरी 'डिस्टिंक्ट' सुचवतं. मी प्रत्येक ठिकाणी आधी मूळ कागद मागते. दवाखान्यात केसपेपर, दूध संघात संकलन केंद्रावरची पावती. माझ्या हाताखाली आलेल्या मुलामुलींना मी संगणकासमोर बसवण्याआधी तो कागद जिथे जन्मतो तिथे पाठवते. सुरुवातीला त्यांना ते वेळेचा अपव्यय वाटतं. परत आल्यावर मी एवढंच विचारते की, ही ओळ कशाची आहे, ते मला एका वाक्यात सांगा.

काकूंनी पाठवलेल्या डब्यांची परतफेड करता आली नाही, ती करायचीही नसते. अण्णा गेल्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांनी जे शिकवलं, ते मात्र फेडत राहता येतं, कारण ते कामातच फेडायचं आहे. मी केलेल्या प्रत्येक अहवालाच्या शेवटच्या पानावर एक चौकट असते. तिच्यात मूळ तक्त्यातल्या नोंदींची संख्या आणि बेरीज, अहवालातल्या नोंदींची संख्या आणि बेरीज, आणि दोन्हींतला फरक. फरक शून्य असल्याशिवाय पैसे वाटले जाऊ नयेत, अशी अट मी ग्राहकाकडून लिहून घेते. काहींना ती चौकट जास्तीची वाटते, पान वाया जातं म्हणतात. तरी मी ती काढत नाही. ती असली की बैलगाडीची दुसरी खेप कुणी गिळू शकत नाही, आणि ज्याने दोनदा काम केलं त्याला दोनदाच दाम मिळतो.